लिनक्स मिंटवर येताना: माझा अनुभव
माझा लॅपटॉप ठणठणीत होता. कीबोर्ड धड, बॅटरी टिकणारी, रॅम ८ जीबी. पण विंडोज १०चा नियमित सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ला संपणार होता आणि विंडोज ११ला लागणारी टीपीएम २.० ही सुरक्षा-यंत्रणा या लॅपटॉपमध्ये नव्हती. चालतं यंत्र मोडीत काढायला मन धजेना. मुक्त सॉफ्टवेअरबद्दल आस्था आधीपासून होतीच. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३मध्ये ग्नू हा मुक्त प्रणाली बनवण्याचा प्रकल्प जाहीर केला, तेव्हापासून त्यामागचा आग्रह साधा आहे: प्रोग्राम हव्या त्या कामासाठी वापरता यावा, आतून बघता-बदलता यावा, मूळ किंवा बदललेल्या रूपात दुसऱ्याला देता यावा. फुकट मिळणं त्यापुढे गौण. यंत्र कधी निवृत्त करायचं हे मी ठरवणार, एवढं कारण मला पुरेसं होतं.

म्हणून विंडोजऐवजी लिनक्स मिंट ही मुक्त प्रणाली निवडली. तिची एक्सएफसीई ही साध्या डेस्कटॉपची आवृत्ती जुन्या यंत्रावर हलकी चालते, म्हणून ती घेतली. आयएसओ फाइल, म्हणजे प्रणालीची इन्स्टॉल करायची प्रत, उतरवून तिचा चेकसम (फाइलवरून काढलेला ओळख-आकडा) जुळवला. ही पायरी बरेच जण गाळतात, गाळू नका. फाइल खराब उतरली असेल तर इथेच कळतं, इन्स्टॉलेशन मध्येच अडकल्यावर नव्हे.

मग पेन ड्राइव्हवरून लाइव्ह सत्र सुरू केलं. यात डिस्कला धक्का न लावता सगळं वापरून बघता येतं. आवाज, कॅमेरा, टचपॅड ठीक होते. वायफाय मात्र दिसेना, कारण त्या चिपच्या ड्रायव्हरचा, म्हणजे ती चालवणाऱ्या प्रोग्रामचा, सोर्स कोड खुला नाही. फोन यूएसबी केबलने जोडून टेदरिंग चालू केलं, म्हणजे फोनचं इंटरनेट लॅपटॉपला दिलं, मिंटमधला ड्रायव्हर मॅनेजर उघडला, त्याने सुचवलेला ड्रायव्हर बसवला आणि नेटवर्कची यादी समोर आली. मुक्त प्रणालीत हा एक बंदिस्त तुकडा मला खुपतोच. पुढचं यंत्र घेताना वायफाय चिप आधी बघणार.

बॅकअप वेगळ्या डिस्कवर घेतला आणि त्यातल्या फायली उघडून पाहिल्या. त्यानंतरच जुन्या प्रणालीशेजारी मिंट बसवलं. ते काम विनासायास झालं.

खरा वेळ गेला मराठीत. टायपिंगचा प्रश्न नव्हता. कीबोर्ड लेआउटमध्ये इनस्क्रिप्ट ही भारतीय लिप्यांची मांडणी निवडली की झालं. पण माझे जुने लेख युनिकोड (सगळ्या लिप्यांची सामायिक संकेतप्रणाली) रुळण्यापूर्वीच्या फॉन्टमध्ये होते. तो फॉन्ट नसला की पानभर रोमन अक्षरांचा आणि चिन्हांचा खच दिसतो. फॉन्ट इकडे आणून बसवता आला असता, पण मग ते लेख कायम त्या एका फॉन्टच्या ताब्यात राहिले असते. म्हणून सगळे कन्व्हर्टरमधून युनिकोडमध्ये आणले आणि ओळन् ओळ वाचून काढली. ऱ्हस्व वेलांटी आणि रफार हमखास भलत्या अक्षरावर जातात. 'कार्य'मधला रफार 'का'वर चढलेला कितीदा तरी सापडला. किचकट काम, पण आता ते लेख कुठल्याही यंत्रावर उघडतात आणि शोधताही येतात.

लिब्रेऑफिस या मुक्त ऑफिस संचात साधी डॉक्युमेंटं नीट उघडली, गुंतागुंतीची टेबलं थोडी हलली. स्वतःसाठी ओडीटी हा त्याचा खुला फाइल-प्रकार आणि नुसतं वाचायला पाठवायचं असेल तर पीडीएफ, असं ठरवून टाकलं.

जुनी प्रणाली काही काळ ठेवली. तिच्यावाचून अडत नाही याची खात्री पटल्यावर डिस्कचा तो भाग (पार्टिशन) ईएक्सटी४ या लिनक्सच्या फाइल प्रणालीत फॉरमॅट करून टाइमशिफ्ट या प्रणालीच्या नोंदी ठेवणाऱ्या प्रोग्रामला दिला. अपडेटनंतर काही बिघडलं तर तिथल्या स्नॅपशॉटवरून, म्हणजे आधी जपलेल्या प्रतीवरून, प्रणाली आदल्या स्थितीत आणता येते. माझ्या फायलींचा बॅकअप मात्र अजूनही वेगळ्या डिस्कवरच घेते.