ओलावा बारा का पंधरा?

१७ नोव्हेंबर २०२४, रविवार

बुधवारी विधानसभेचं मतदान. प्रचाराचे भोंगे उद्या संध्याकाळी बंद होतील, फोन काही बंद होणार नाहीत.

गावाचा ग्रूप काढला होता फवारणी, बाजारभाव आणि लाइन कधी येणार यासाठी. आज सकाळी एका कास्तकारानं त्यात विचारलं, "सोयाबीनचा ओलावा बाराच पाहिजे का आता पंधरा चालते?" शुक्रवारीच केंद्र सरकारनं हमीभाव खरेदीत ओलाव्याला १२ ऐवजी १५ टक्क्यांपर्यंत मुभा दिली. यंदाचा हमीभाव क्विंटलला ४,८९२ रुपये, व्यापारी त्याच्या कितीतरी खाली मागतो. ओला म्हणून ज्याचा माल परत येतो, त्याच्यासाठी याहून मोठी बातमी नाही. पण प्रश्नाखाली एकामागून एक व्हिडिओ पडत गेले. याचा नेता गद्दार, त्याचा नेता चोर. दुपारपर्यंत उत्तर नाही. मला याचंच नवल वाटतं. सोयाबीनचा भाव हेच तर आपलं राजकारण, आणि राजकारणाच्या गोंधळात नेमकं तेच बुडालं!

कोणती पोस्ट वर दाखवायची, या फेसबुकच्या गणितात २०१७ मध्ये रागाच्या इमोजीला लाइकच्या पाचपट वजन होतं, हे २०२१ मध्ये बाहेर आलं. सोयाबीनला भाव नाही, रागाला पाचपट. व्हॉट्सॲपनं २०२० मध्ये फार फिरलेला मेसेज एका वेळी एकाच ठिकाणी पाठवायची अट घातली, पण रिकामा माणूस एकेक करून सगळ्या गावाला पाठवतोच.

चुलतभाऊ रात्री उशिरापर्यंत तेच बघत पडतो. सकाळी डोळे लाल, पोरावर विनाकारण खेकसतो. वहिनी म्हणाली, "वावरात दिवसभर राबूनई यायले झोप नाही लागत." पानठेल्यावर आधीही भांडणं व्हायची, चांगली जोरात. पण समोरच्याचा चेहरा पडलेला दिसला की कोणीतरी खर्रा घोटायला सांगायचा आणि विषय कपाशीवर जायचा. आता ठेल्यावर सगळे गप्प. साऱ्या शिव्या घरी जाऊन, अंगठ्यानं. मामा-भाचे दिवाळीपासून बोलत नाहीत, आणि ज्या नेत्यांपायी बोलत नाहीत त्यांना दोघांचंही नाव माहीत नाही.

संध्याकाळी त्या कास्तकाराला मीच फोन लावला. पंधरा चालते, पण खरेदी केंद्रावर एकदा विचारून घे म्हटलं.

"बरं झालं सांगतलं," तो म्हणाला. मग जरा थांबून, "पण भाऊ, तुमी कोणाकडून हा?"

"तू आधी पोते भर ना बाप्पा!"