तुम्ही विचारलंत म्हणून: टाइम स्टेप लहान केली की झालं ना?

शनिवारी कोथरूडला मी इंजिनिअरिंगच्या मुलांना प्रोजेक्टसाठी थोडी मदत करतो. दर वर्षी कुणीतरी लॅपटॉप माझ्याकडे वळवतं. स्क्रीनवर वस्तूंच्या हालचालीचं संगणकी मॉडेल चालू असतं, आणि थांबायला हवा तो ठोकळा फरशीवर थरथरत असतो. पाठोपाठ प्रश्न येतोच, "सर, टाइम स्टेप लहान केली की जाईल ना हे?" (टाइम स्टेप म्हणजे मॉडेल एका वेळी जेवढा वेळ पुढे सरकतं तो तुकडा.)

मीही तेच करायचो. चाकणच्या एका कारखान्यासाठी पेटीत बोल्ट पडण्याचं मॉडेल केलं होतं. बोल्ट पडतात, ढीग होतो, विषय संपतो. माझा ढीग काही बसेना. तिथल्या फोरमनकाकांनी चष्मा कपाळावर सारून स्क्रीनकडे पाहिलं आणि विचारलं, "साहेब, तुमच्याकडं भूकंप चालूये का?" घरी येऊन स्टेप दहापट लहान केली. रात्रीत संपणारं काम आठवडाभर चालायला लागलं, थरथर बारीक झाली, पण गेली नाही.

कारण कागदावर सापडतं. स्टेप ०.०१ सेकंद, घर्षणांक ०.३ धरा. घर्षण दर स्टेपला वेगातून सुमारे ०.०२९४ मीटर प्रति सेकंद काढून घेतं. आता ठोकळ्याचा वेग फक्त ०.०१ उरलाय. कोड आधीच्या वेगाची दिशा बघतो आणि ठरलेले ०.०२९४ वजा करतो. वेग झाला उणे ०.०१९४. पुढच्या स्टेपला परत अधिक ०.०१. हे असंच चालू. गंमत म्हणजे पहिल्या उडीत गतिज ऊर्जा जवळजवळ पावणेचारपट झाली, आणि ती दिली कुणी, तर घर्षणानं! ज्याचं काम फक्त घ्यायचं, तो देत सुटला.

उपाय स्टेपच्या आकारात नाही, प्रश्न मांडण्यात आहे. घर्षण आधीच्या वेगावरून काढू नका, स्टेपच्या शेवटी जो वेग असेल त्याच्याशी जुळवून काढा. वेग शून्य असेल तर घर्षण त्या ०.०२९४ च्या मर्यादेच्या आत कितीही असू शकतं, म्हणजे ०.०१ उरला असेल तर तेवढंच काढून ठोकळा थांबतो. अगदी थांबतो.

टकरींचंही तसंच. एक मीटरवरून टाकलेला चेंडू, उसळीचा गुणांक ०.८, म्हणजे दर टकरीनंतर वेग आधीच्या ०.८ पट उरतो. गणितानं तो चार सेकंदांच्या जरासं पुढे, ४.०६ सेकंदांत, अनंत वेळा उसळून थांबतो. प्रत्येक उसळीचा क्षण पकडायचा म्हटलं तर स्टेप लहान करता करता आयुष्य जाईल. फ्रान्सच्या मोंपेलिए इथले यांत्रिकीचे अभ्यासक मोरो यांनी बळाऐवजी पूर्ण स्टेपमधला आवेग (बळाचा त्या वेळातला एकूण परिणाम) आणि वेगातली उडी मोजायची पद्धत बसवली. एका स्टेपमध्ये किती टकरा झाल्या, हे मोजायची गरजच उरत नाही. शिवाय हिशेब सोपा होतो: आवेगानं केलेलं काम म्हणजे आवेग गुणिले आधीच्या आणि नंतरच्या वेगाची सरासरी. आवेग बाहेरच ढकलतो आणि परतीचा वेग येतानाच्या वेगापेक्षा जास्त नसतो, त्यामुळे हे काम कधीच धन येत नाही.

मात्र नियमच चुकीचा असेल तर कुठलीच स्टेप वाचवत नाही. यांत्रिकीचे अमेरिकन प्राध्यापक थॉमस केन यांनी १९८४ मध्ये दुहेरी लंबकाचं (एका लंबकाला टांगलेला दुसरा लंबक) उदाहरण मांडलं होतं: घर्षण असलेल्या पृष्ठभागावर तो आदळताना न्यूटनचा उसळीचा नियम (तोच गुणांकाचा) आणि कुलोंबचं घर्षण (वर वापरलेलं, घर्षणांकाचं) जसंच्या तसं लावलं, तर टकरीनंतर ऊर्जा वाढलेली निघू शकते. इथे कोड बिचारा निर्दोष.

आणि हो, "मग सगळंच शेवटच्या वेगावरून काढू" असं म्हणणारा एक जण असतोच. तसं केलं की उलटी गडबड होते. साध्या स्प्रिंगच्या एका आवर्तनाला ६३ स्टेप घेतल्या, तरी शंभर स्टेपनंतर ऊर्जा ३७ टक्केच उरते, आणि मॉडेलमध्ये डॅम्पर, म्हणजे हालचाल शमवणारा भाग, कुठेच नसतो! ही चोरी चित्रात दिसत नाही, सगळं छान शांत वाटतं, म्हणून मला ती थरथरीपेक्षा वाईट वाटते. स्प्रिंगसारख्या भागाला आधीच्या आणि नंतरच्या स्थितीची सरासरी द्या, तो काही गमावत नाही. संपर्क आणि घर्षण तेवढं शेवटच्या वेगावर ठेवा.

तर पुढच्या शनिवारी ठोकळ्याचा व्हिडिओ नको. दर स्टेपची ऊर्जा आणि ती कुणी नेली, असा आलेख घेऊन या. चहा माझ्याकडून.