कारणाचा रकाना

एकोणीस वर्षं मी दुसऱ्यांचं काम नापास करण्याचा पगार घेतला. नवी मुंबईत रबाळे एमआयडीसीतल्या एका कंपनीत क्वालिटीला होतो. व्हॉल्व्हचे बुश (धातूच्या छोट्या नळ्या), स्पिंडल, सीट रिंगा. माल नापास झाला की लाल टॅग बांधायचा आणि टॅगवर कारण लिहायचं, हा नियम. 'ओडी अंडरसाइज.' 'चॅटर मार्क.' 'आटे खराब.' कारणाचा रकाना मोकळा सोडून एखादा लॉट परत पाठवला, तर ऑपरेटर मशीन बंद करून वर भांडायला यायचा. त्याचं बरोबरच होतं. काय चुकलं तेच कळलं नाही तर तो दुरुस्त काय करणार, कपाळ?

गेल्या जूनमध्ये आम्हा ४२ जणांना टॅग लागला. गुरुवार, दुपारचे चार, कॅन्टीन. चहा झाल्यावर एचआरच्या मॅडमनी कागद वाचला: प्लांट गुजरातेत हलतोय, इथली पदं अतिरिक्त ठरली आहेत. तिकडे ज्यांना बोलावणं होतं त्यांची यादी वेगळी होती. त्यात क्वालिटीचा एकच मुलगा, अठ्ठाविशीतला. (रबाळे-महापे पट्ट्यात हे बरंच दिसतं आता. कारखाना जातो आणि त्या जागेवर डेटा सेंटरची बिनखिडक्यांची भिंत उभी राहते. आमच्या प्लॉटभोवतीही पत्रे लागलेत. रिक्षा तिथून गेली की मी मोबाइल काढतो.)

बाबा वागळे इस्टेटला टर्नर होते. त्यांची कंपनी बंद पडली तेव्हा मी दहावीत होतो. ते म्हणाले, "आमच्या वेळी गेटवर नोटीस लागायची." म्हटलं, "आम्हाला वाचून दाखवली. वर बिस्किटंही होती."

पैशाचं एकदाच सांगतो, कारण वेळेवर कुणी सांगत नाही. माझ्या ग्रॅच्युइटीचा हिशेब सोपा होता: शेवटचा मूळ पगार, महागाई भत्ता असेल तर तो धरून, भागिले २६, गुणिले १५, गुणिले नोकरीची वर्षं. माझा बेसिक ३१,२००. खरं तर माझी १८ वर्षं ८ महिनेच भरली होती, पण शेवटच्या वर्षात सहा महिन्यांच्या वर काम झालं असेल तर पूर्ण वर्ष धरतात. म्हणून १९. झाले ३ लाख ४२ हजार. कायद्याने ही रक्कम ३० दिवसांत द्यायची असते. मला ७४व्या दिवशी मिळाली, चार मेल आणि एक फेरी मारल्यावर. पीएफच्या पोर्टलवर कंपनीने नोकरी सोडल्याची तारीखच टाकली नव्हती. दोन महिने थांबलं की ती आपली आपल्याला टाकता येते, आधारच्या ओटीपीवर. आणि कंपनीचा मेडिक्लेम नोकरीबरोबरच संपला, हे माझ्या डोक्यात शिरलं तीन आठवड्यांनी, मुलीला डेंग्यू झाल्यावर. ते बिल किती झालं ते लिहीत नाही.

शोधाचं रजिस्टर मी पहिल्याच आठवड्यात घातलं. गोखले रोडवरून दोनशे पानी लाँगबुक आणलं आणि पट्टीने रकाने आखले: तारीख, कंपनी, कुठून कळलं, कोणाशी बोललो, काय झालं, कारण. शेवटचा रकाना निव्वळ सवयीने आखला गेला. आज अकराव्या महिन्यात त्यात १३७ नोंदी आहेत. उत्तरं आली २२ ठिकाणांहून, इंटरव्ह्यू झाले ९. कारणाच्या रकान्यात एकच नोंद आहे. तिच्याकडे येतो.

लोकांना वाटतं, नकार पचवणं कठीण जात असेल. अहो, नकार यायला तर हवा! येतं ते 'कळवतो'. महापेच्या एका कंपनीत तीन राउंड झाले. प्लांट हेडने शॉप फिरवून दाखवलं, 'कधीपासून येऊ शकाल' असं विचारलं. मी घरी येताना पाव किलो पेढे घेतले होते, ते मुलीच्या युनिट टेस्टच्या नावावर खपवायला लागले. नंतर तिथल्या एचआरच्या व्हॉट्सॲपवर माझ्या तीन मेसेजना निळ्या खुणा, बाकी काही नाही. आता ह्यात मी कारण काय लिहू? वय ४७? पगार जास्त सांगितला? की जाताना त्यांच्या टेबलावरचं पेन चुकून खिशात घातलं ते? आमच्या धंद्यात दोषाचं मूळ शोधायला पाच वेळा 'का' विचारायची पद्धत आहे. रात्री दोन वाजता ती स्वतःवर वापरू नये. पाचव्या 'का'चं उत्तर दर वेळी 'मीच' असं येतं.

ह्या काळात मोटिव्हेशन पुष्कळ आलं. मामांनी गरुडाचा व्हिडिओ पाठवला. गरुड म्हणे चाळिशीत डोंगरावर जाऊन चोच आपटून पाडतो, मग नवी उगवते आणि तो आणखी तीस वर्षं जगतो. मामा मोठे आहेत, म्हणून नमस्काराचा हात पाठवला. असं काही केलं तर तो गरुड उपाशी मरेल. एका 'कन्सल्टंट'ने ऑफर लेटर तयार आहे म्हणून सांगितलं आणि लॅपटॉपच्या डिपॉझिटचे २,४९९ मागितले. क्वालिटी इन्स्पेक्टरला लॅपटॉप कशाला, एवढं विचारलं तर फोन ठेवला त्याने.

खरा आधार झाला तो घराबाहेर पडण्याचा. सोसायटीत खाली भेटणारा प्रत्येक जण 'वर्क फ्रॉम होम का?' म्हणून विचारतो, आणि हो म्हणायला जीभ लवकर सोकावते. म्हणून मी सकाळचे तीन तास ठाण्याच्या मराठी ग्रंथ संग्रहालयात बसायला लागलो. १८९३ सालची संस्था, अकरा महिन्यांच्या बेकाराने तिथे घाईत असल्यासारखं वागण्यात अर्थ नाही. तिथे एक आजोबा रोज येतात, पेपर पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचतात, निधनवार्ता दोनदा. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात एकदा त्यांनी नोकरीच्या जाहिरातींचं पान वेगळं काढून माझ्याकडे सरकवलं. "हे तुमचं." तेव्हापासून रोज. नाव नाही, चौकशी नाही. मला तेवढंच हवं होतं.

तरी डिसेंबरच्या शेवटी गाडी अडकलीच. २३ दिवस रजिस्टर उघडलं नाही. संग्रहालयात जायच्या नावाने निघायचो आणि तलावपाळीला कट्ट्यावर बसून बोटी मोजायचो. बायको पतपेढीत आहे, तिचं आयुष्य नोंदींत गेलंय. तिने ते रजिस्टर एका रात्री जेवणाच्या टेबलावर आणून ठेवलं आणि म्हणाली, "रोजची कीर्द रोज लिहावी रे. साठली की ताळा लागत नाही." मी म्हटलं, लिहायला काही घडलंच नाही. "मग तसं लिही. निरंक." २३ ओळी 'निरंक' लिहिल्या मी, शाळेतल्या शिक्षेसारख्या. चोविसाव्या दिवशी आणखी एकदा निरंक लिहायची लाज वाटली, म्हणून दोन फोन केले.

त्यातला एक पावण्याचा. एमआयडीसीतच, गाळा छोटा, पंधरा-वीस माणसं. मालक स्वतः भेटले. माझी फाइल उघडलीच नाही. टेबलाच्या खणातून एक बुश काढून माझ्या हातात दिला, पुढ्यात मायक्रोमीटर ठेवला. "पंचवीसचा आहे. वर शून्य, खाली २१ मायक्रॉन. पास करणार?"

म्हणजे माप पंचवीस मिलिमीटर, किंवा त्याहून फार तर २१ मायक्रॉन, मिलिमीटरचे हजारावे भाग, कमी चालेल. सात महिन्यांनी हातात मायक्रोमीटर आला होता. आधी झिरो तपासला. मग बुश अंगठ्याने फिरवत तीन ठिकाणी माप घेतलं, रॅचेटची टिकटिक ऐकत. २४.९९०, २४.९८८, २४.९९१. सगळं मापात. पण मालक एवढे शांत बसले होते की म्हटलं, काहीतरी आहे. विचारलं, "सेंटरलेस ग्राइंडिंगचा आहे का?" (त्यात माल टोकांना न पकडता दोन चाकांमध्ये घासतात.) ते हसले. मी व्ही-ब्लॉक, म्हणजे व्ही आकाराची खाच असलेला ठोकळा, आणि सुईचा डायल मागितला. बुश त्या खाचेत ठेवून हळूहळू फिरवला, तर सुई दोन-अडीच घरं पुढे, मागे, परत पुढे. एका फेऱ्यात तीनदा. बुश गोल नव्हताच. तीन अंगांनी किंचित फुगलेला होता. सेंटरलेसवर सेटिंग बिघडलं की हे होतं, आणि समोरासमोरचं माप कुठेही घ्या, सारखंच येतं. मायक्रोमीटर अशा बुशला जन्मभर पास करत राहील. "ठेवा तुमच्याकडे," ते म्हणाले. बुश शर्टाच्या खिशात घालून निघालो.

चार दिवसांनी त्यांचा फोन आला तेव्हा मी ठाणे स्टेशनला दहा नंबरवर होतो, वाशी गाडी लागत होती. "तुम्हाला घेत नाही, पण कारण सांगतो," ते म्हणाले. "हात चांगला आहे तुमचा. मला सीएमएम चालवणारा हवाय. तीन महिन्यांवर ऑडिट आहे आणि शिकवायला माझ्याकडे माणूस नाही." (सीएमएम म्हणजे कॉम्प्युटरला जोडलेलं माप घेणारं मशीन.) मी एवढ्या मोठ्याने थँक्यू म्हणालो की शेजारची बाई दोन पावलं लांब सरकली. घरी आल्यावर बायकोने चेहरा बघून विचारलं, "मिळाली?"

"नाही. नापास. पण कारण दिलंय."

लाल पेनाने लिहिलं: सीएमएम येत नाही.

एप्रिलपासून वागळे इस्टेटला संध्याकाळच्या बॅचला जातोय. फी १८,०००, ग्रॅच्युइटीतून. बॅचमधली मुलं बावीस-तेवीसची, शिकवणारा सव्वीसचा आणि मला 'काका' म्हणतो. खोली २० अंशांवर गार, बाहेर मे महिना. मी पिशवीत स्वेटर नेतो. ग्रॅनाइटचं टेबल, त्यावर वरून खाली येणारा प्रोब, टोकाला माणकाचा लाल गोळा, ज्वारीच्या दाण्याएवढा. तो मालाला टेकतो तेव्हा आवाज सुद्धा होत नाही आणि स्क्रीनवर एक ठिपका उमटतो. मी अजून माऊस फार जोरात दाबतो. मुलं हसतात, हसू देत.

परवा क्लास संपताना मशीन मोकळं होतं. सरांना विचारून तो पावण्याचा बुश लावला. गोलाईतली चूक आली १४ मायक्रॉन. फोटो काढून मालकांना पाठवला, खाली लिहिलं, 'शिकतोय.' दहा मिनिटांत उत्तर: 'आमच्या रिपोर्टला १२ आहे. परत घ्या.'

बुश काढून बघितला. तीन-चार महिने खिशात आणि ड्रॉवरमध्ये फिरलेला. स्पिरिटने पुसला, फडक्याचा धागा राहिला नाही ना ते उजेडात धरून पाहिलं, मशीनशेजारी थोडा वेळ गार होऊ दिला आणि परत लावला. मग उत्तर टाइप केलं: '१२. कारण: पुसला नव्हता.'