काकूंची जट
आज काकूंची जट, म्हणजे केसांचा तो घट्ट गुंता, एकदाची कापली. किती वर्षं मानेवर ते ओझं घेऊन वावरत होत्या, उशीवर धड डोकं टेकता यायचं नाही, उन्हाळ्यात घाम, खाज, उवा, पण कापायचं नाव काढलं की एकच, जट यल्लम्मा देवीची, कापली तर ती कोपेल, घरात कुणाचं तरी बरंवाईट होईल.

अंनिसच्या (अंधश्रद्धा निर्मूलन समितीच्या) ताईंनी आल्या आल्या कात्री काढलीच नाही. चहा घेतला, मग विचारलं जट कधीपासून आहे, तेव्हा आजारी होता का. काकू म्हणाल्या, हो, टायफॉईड झालेला, केस विंचरायचं भानच नव्हतं. ताईंनी सरळ सांगितलं की केस न धुता राहिले की तेल, घाम, धूळ बसून गुंता घट्ट होतो, कुणाच्याही डोक्यात होईल, यात देवीचं काही नाही. "आणि कोप झाला तर?" "झाला तर माझ्यावर होऊ दे, कापणारी मी आहे." काकू बराच वेळ गप्प. मग स्वतःच पाट घेऊन बसल्या. जट इतकी कडक की कात्री आत शिरेना, मुळापासून थोडं थोडं करत कापावी लागली, आणि झाल्यावर काकू नुसती मान इकडे तिकडे फिरवून बघत होत्या.

घरच्या ग्रुपवर फोटो टाकला तर एकाने लगेच लिहिलं, अडाणी बायका. मला खरंच संताप आला, अरे ती बाई घाबरली होती, घरात काही झालं असतं तर सगळ्यांनी बोट तिच्याकडेच दाखवलं असतं, तुझं काय गेलं असतं? पण लोकांच्या भावना दुखावतील म्हणून गप्प बसा, हेही मला अजिबात पटत नाही. मान काकूंची दुखत होती ना! ताईंनी "असेल बाई देवीची" असं एकदाही म्हटलं नाही.

गाडगेबाबा हेच तर करायचे, कीर्तनात समोर बसलेल्यांनाच वऱ्हाडीत प्रश्न विचारून नवस, बोकडाचा बळी सगळं उलटं-पालटं करून टाकायचे आणि त्याच माणसांसाठी पंढरपुरात धर्मशाळा बांधायचे. अंनिसचे नरेंद्र दाभोलकरसुद्धा कायम सांगत की आमचा विरोध देवाधर्माला नाही, त्याच्या नावावर होणाऱ्या शोषणाला आहे. 20 ऑगस्ट 2013 ला पुण्यात त्यांचा खून झाला, त्यानंतर जादूटोणाविरोधी कायदा आला, आणि त्यात वारी, कीर्तन, भजन, प्रदक्षिणा यांना हात लावलेला नाही हे तो न वाचताच शिव्या देणाऱ्यांना कोण सांगणार.

काकू पुढच्या महिन्यात सौंदत्तीला यल्लम्माच्या दर्शनाला जाणार आहेत. जाऊ देत. मी देव मानत नाही हे त्यांना माहितीये आणि त्यावरून आमचे वाद चालूच राहतील.

मागच्या गल्लीत अजून एक मावशी आहेत, त्यांचीही जट कमरेपर्यंत आलीये. ताई म्हणाल्या आधी त्यांच्या सासूबाईंशी बोल, घाई करू नकोस. रविवारी काकूंनाच सोबत घेऊन जाते.