तुम्ही विचारलंत म्हणून: फिनलंडात राहून स्वीडिश का?

फोनवर मावशी विचारते, गणपतीत भेटलेले हेलसिंकीकर विचारतात, शेजारची फिनिश बाईसुद्धा विचारते: पोरगा स्वीडिश कसा काय बोलतो?

आधी मी कायदा ऐकवायचे. घटनेच्या १७व्या कलमात फिनिश आणि स्वीडिश दोन्ही राष्ट्रभाषा आहेत. अल्पसंख्य भाषेचे ८ टक्के किंवा ३००० लोक असले की नगरपालिका द्विभाषिक. देशात स्वीडिशवाले जेमतेम ५ टक्के, पण आमच्या वासा गावात जवळपास चौथा हिस्सा. रस्त्याच्या पाटीवर वर फिनिश ‘वासानपुइस्तिक्को’, खाली स्वीडिश ‘वासाएस्प्लानादेन’.

सगळं खरं, पण कारण ते नव्हतं. शाळेत आठ विभक्त्या घोकताना रडलेली मी, फिनिशच्या पंधरा ऐकूनच गार पडले. स्वीडिश निदान इंग्रजीच्या भावकीतली. त्यात स्वीडिश पाळणाघरात जागा आधी मिळाली. बस.

तो पाच वर्षांचा असताना आम्ही ताम्पेरेला मैत्रिणीकडे गेलो होतो. बर्फावर घसरून त्याची हनुवटी फुटली. ताम्पेरे एकभाषी, फिनिश. रात्री दवाखान्यात नर्स त्याच्यासमोर गुडघे टेकून हळू आवाजात काहीबाही विचारत होती. तो स्वीडिशमध्ये सांगत होता, दुखतंय, इथे दुखतंय. ती गोंधळली, माझ्याशी इंग्रजीत बोलू लागली. ती इंग्रजीत विचारणार, मी त्याला मराठीत, तो रडत मराठीत, मी पुन्हा इंग्रजीत. टाके घालताना माझं बोट घट्ट धरून तो म्हणाला, "आई, ही बाई फिनलंडची नाही का?"

मी हसले. मग गाडीत रडले.

शाळेत स्वीडिश त्या नर्सलाही शिकावं लागलं असणार; ‘पाक्कोरुओत्सी’, सक्तीचं स्वीडिश, म्हणून लोक त्याला नावं ठेवतात. पण रक्त पुसणाऱ्या बाईला मी कलम दाखवायचं? आणि कुणासाठी? नोंदणीत मातृभाषा एकच लिहिता येते. याची मराठी आहे. म्हणजे सरकारी आकडेवारीत हा परभाषकच.

फिनिश घेतलं असतं तर? तर ती रात्र सोपी गेली असती. पण खालच्या अंगणातले त्याचे सगळे दोस्त स्वीडिश बोलतात, त्याचं काय?

आता तो अकराचा आहे. शाळेत फिनिश शिकला, दुकानात माझ्याऐवजी तोच बोलतो. नवऱ्याच्या मते विषय मिटला, धाकटीला सरळ फिनिश पाळणाघरात घालू. मी हो म्हणते. अर्ज मात्र तीन आठवडे अर्धाच भरलेला आहे.