२.१८ डबल बाँड!

बीएस्सीच्या सेकंड इयरला फॅटी अ‍ॅसिडची गणितं आली, म्हणजे हायड्रोजन जोडून रेणूत कार्बन-कार्बनचे डबल बाँड किती ते शोधायची, तेव्हा मला वाटलेलं यात काय आहे, एक मोल (रेणू मोजायचं एकक) डबल बाँडला एक मोल हायड्रोजन लागतो, मग किती हायड्रोजन लागला ते बघायचं, अ‍ॅसिडच्या मोल्सनी भागायचं, झालं.

पहिलंच गणित लिनोलेइक अ‍ॅसिडचं, म्हणजे आपल्या करडई तेलात भरपूर असतं ते. ०.७० ग्रॅम अ‍ॅसिड, मोलर मास २८०, २५ डिग्रीला एक अ‍ॅटमॉस्फिअर प्रेशरला १२२ मिली हायड्रोजन लागला. मी सवयीने हायड्रोजनला २२.४ नी, म्हणजे एका मोल गॅसच्या लिटरनी, भागून मोकळी. अ‍ॅसिड २.५ मिलिमोल, हायड्रोजन ५.४५, उत्तर २.१८. आता दोन बाँड ठीक आहेत पण हे वरचं .१८ कुठं लोंबकळतंय? चार वेळा केलं, चारही वेळा तेच. शेवटी राउंड ऑफ करून २ लिहिलं, मागे उत्तर पाहिलं तर तेही २, मग काय, खूश. तिथेच खरी फसले.

कारण पुढचं गणित डीएचएचं होतं, माशांच्या तेलातलं. ०.८२ ग्रॅम, मोलर मास ३२८, हायड्रोजन ३६७ मिली. तीच पद्धत, आलं ६.५५, राउंड ऑफ करून ७. यावेळी जरा शहाणपणा केला आणि फॉर्म्युल्यावरून पण तपासलं: २२ कार्बन, ३२ हायड्रोजन, २ ऑक्सिजन. २२ कार्बनच्या अल्केनला, म्हणजे नुसते सिंगल बाँड असलेल्या कार्बन-हायड्रोजनच्या साखळीला, ४६ हायड्रोजन, १४ कमी, भागिले २, सात! दोन्हीकडून सात म्हटल्यावर शंका कशाला येईल हो. आणि मागे उत्तर ६. मी रूममेटला ठामपणे सांगितलं की पुस्तकात चुकीचं छापलंय.

ती म्हणाली, "अगं, डीएचएचं पूर्ण नाव वाच की." डोकोसाहेक्साएनोइक. हेक्सा. नावातच सहा लिहिलेत आणि मी सातवर अडून बसलेली.

मग दोघी बसलो. २२.४ लिटर हे शून्य डिग्रीचं, २५ डिग्रीला एक मोल गॅस २४.५ लिटर जागा घेतो, म्हणजे माझं प्रत्येक उत्तर नऊ टक्क्यांनी फुगलेलं होतं. दोन बाँडांत ते राउंड ऑफमध्ये खपून गेलं, सहावर आल्यावर उघडं पडलं. २४.५ नी भागलं तर बरोब्बर ५.९९. आणि फॉर्म्युल्यातला तो सातवा? तो कार्बोक्झिल ग्रुपमधला, म्हणजे साखळीच्या अ‍ॅसिडवाल्या टोकाचा, कार्बन-ऑक्सिजनचा डबल बाँड, अशा साध्या हायड्रोजनेशनमध्ये तो तसाच राहतो. तुलना अल्केनशी नाही, २२ कार्बनच्याच सॅच्युरेटेड (साखळीत डबल बाँड नसलेल्या) अ‍ॅसिडशी करायची, त्याला ४४ हायड्रोजन, १२ कमी, सहा.

मला आधी प्रश्न पडायचा की गॅस मोजायची उठाठेव कशाला, आधी-नंतर वजन करा ना. तर लिनोलेइकच्या त्या ०.७० ग्रॅमचं वजन वाढतं फक्त १० मिलिग्रॅम, साध्या काट्यावर कळणारसुद्धा नाही. गॅस मात्र शंभर मिलीच्या वर जातो.

परीक्षेत ट्रायओलिन आलं, म्हणजे तीन ओलेइक अ‍ॅसिड जोडलेला फॅटचा रेणू. टेम्परेचर दोनदा वाचलं, उत्तर ३ आलं, राउंड ऑफसुद्धा करावं लागलं नाही, "तीन डबल बाँड" लिहून पान उलटलं. विचारलेलं होतं प्रत्येक फॅटी अ‍ॅसिडमध्ये किती.