खुलताबादचे सर आदिस अबाबात

आमच्या सहलीच्या धंद्यात आदिस अबाबा हे इथिओपियाच्या राजधानीचं गाव विमानतळापुरतंच ठाऊक असतं. टांझानिया, केनिया, अगदी केप टाउनला निघालेले आपले गट इथे विमान बदलतात, दोन तास बाकावर बसून चकल्या खातात आणि पुढे जातात. शहर बघायचं म्हणून इथे उतरणारा प्रवासी मला कधी भेटला नव्हता. सर पहिलेच.

सर म्हणजे खुलताबादचे निवृत्त इतिहास शिक्षक. वय पंच्याहत्तरीच्या घरातलं. टांझानियाच्या गटासाठी नाव नोंदवतानाच त्यांनी अट घातली होती, "सिंह-बिंह दाखवा तुम्ही, पण परतीत मला एक दिवस हबशाच्या मुलखात सोडा." त्यांच्या घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर मलिक अंबर या हबशी, म्हणजे इथिओपियातून आलेल्या, सरदाराची कबर आहे. जन्मभर त्यांनी पोरांना निजामशाही शिकवली, आणि ज्या माणसाने ती मोडकळीला आली असताना पाव शतक तोलून धरली, तो आला कुठून हे बघायचं राहून गेलं होतं. पुण्यातल्या त्यांच्या मुलीने मला फोनवर निक्षून सांगितलं, बाबांना एकटं सोडायचं नाही. त्यामुळे बाकीचा गट सहकाऱ्याबरोबर मुंबईला गेला आणि मी सरांबरोबर आदिसला राहिले. गाडी, ड्रायव्हर आणि परवानाधारक गाइड, दिवसभरासाठी फक्त आम्हा दोघांचा.

गाइडचा आदल्या रात्री निरोप आला होता, सकाळी तीनला हॉटेलच्या दारात असेन. तीन म्हणजे आपले नऊ. इथे दिवस उजाडल्यावर घड्याळ सुरू होतं, त्यामुळे सकाळच्या सातला एक वाजतो. सरांना हे फारच पटलं. "बरोबरच आहे. सूर्य नसताना कसला आलाय दिवस?" म्हणाले.

गाइड पन्नाशीच्या आतबाहेरचा, इस्त्रीचा कोट घातलेला, इंग्रजी स्वच्छ. पहिल्या दहा मिनिटांत माझ्या लक्षात आलं की माणूस पक्का तयारीचा आहे. कुठे थांबायचं, कुठल्या वाक्याला हसू येतं, हे त्याला पाठ होतं. मीही बसमध्ये माइक हातात घेऊन हेच करते, त्यामुळे मला ते लगेच कळतं. शीबाची राणी आणि राजा सॉलोमन, त्यांचा वंश, त्या वंशातला शेवटचा सम्राट हैले सेलासी. १९५५च्या राज्यघटनेतसुद्धा सम्राटाचा वंश सॉलोमनपासून सांगितला होता, हे त्याने अभिमानाने सांगितलं. मग अडवा: १ मार्च १८९६ला सम्राट मेनेलिकच्या फौजेने इटलीचा केलेला पराभव. "आफ्रिकेत सगळे गुलाम झाले, आम्ही नाही," हे त्याचं टाळीचं वाक्य असणार. सरांनी टाळी दिली नाही. वहीत काहीतरी लिहिलं.

राष्ट्रीय संग्रहालयात ल्युसी बघितली, म्हणजे माणसाच्या आदिम पूर्वजांपैकी एकीचा सांगाडा. १९७४ साली अफार प्रदेशात हादर इथे सापडलेली, सुमारे ३२ लाख वर्षांपूर्वीची, उंचीला जेमतेम साडेतीन फूट. काचेत असते ती नक्कल, खरी हाडं तिजोरीत. जगातले लोक खास तिच्यासाठी येतात. सरांनी तिला पाच मिनिटं दिली. "ही फार जुनी," म्हणाले, "मला साडेचारशे वर्षांपूर्वीचा माणूस हवाय."

गाइडला वाटलं ते गंमत करताहेत.

खरी गोष्ट सुरू झाली ती सिदिस्त किलोला, विद्यापीठात. विद्यापीठाची ही मुख्य इमारत म्हणजे हैले सेलासीचा जुना राजवाडा. डिसेंबर १९६०मध्ये शाही रक्षकदलाने इथे बंड केलं, ओलीस धरलेल्या सरदार-मंत्र्यांना याच वाड्यात गोळ्या घातल्या. बंड मोडल्यावर सम्राटाने वाडा विद्यापीठाला देऊन टाकला. आता तिथे मानववंशशास्त्राचं संग्रहालय आहे, आणि माझ्या मते आदिसमधली सर्वांत चांगली जागा हीच. मांडणी प्रदेशवार नाही, माणसाच्या आयुष्याप्रमाणे आहे: जन्म, बालपण, लग्न, मरण. एका दालनातून दुसऱ्यात जाताना आपण वयाने वाढत जातो. मधेच सम्राटाची निजायची खोली आणि न्हाणीघर लागतं. त्या पलंगाचा फोटो आमच्या गटातल्या लोकांनी शंभर वेळा काढला असता.

बाहेर आवारात एक वर्तुळाकार जिना आहे, कुठेच न जाणारा. इटलीने १९३६ ते १९४१ हा देश बळकावला होता तेव्हाचा. मुसोलिनी सत्तेवर आल्यापासूनच्या प्रत्येक वर्षाला एक पायरी. इटालियन गेल्यावर इथिओपियन लोकांनी तो पाडला नाही, टोकावर आपला सिंह बसवला. आणि याच वाड्यात फेब्रुवारी १९३७मध्ये इटलीचा व्हाइसरॉय ग्राझियानी याच्यावर हातबॉम्ब फेकले गेले. त्याचा सूड तीन दिवस चालला. चौकातल्या स्मारकाजवळ गाइडने आवाज खाली आणून आकडा सांगितला: ३० हजार माणसं. इथिओपियाचा हिशेब तो आहे, काही इतिहासकार कमी सांगतात. इथे तो पाठ केलेलं बोलत नव्हता. त्याच्या घरातलं कोणी त्यात गेलं असावं असं वाटलं. मी विचारलं नाही.

पण त्याआधी आत दालनात जे झालं ते सांगायला हवं. सगळं बघून झाल्यावर सरांनी वही मिटली आणि वर्गात विचारावं तसं विचारलं, "विकले गेले त्यांचं दालन कुठलं?"

गाइड म्हणाला, "सर, मघाशी सांगितलं तसं, इथिओपिया कधीच गुलाम झाला नाही."

"देशाचं नाही विचारत मी. माणसांचं विचारतोय."

मग सरांनी पिशवीतून कागद काढले. एक फोटो खुलताबादच्या कबरीचा. दुसरी प्रत जहांगीराच्या चित्राची, ज्यात बादशहा भाल्यावर टांगलेल्या मलिक अंबरच्या मुंडक्यावर बाण सोडतोय. "हे मुंडकं त्याला कधीच मिळालं नाही," सर म्हणाले, "म्हणून चित्रात मारलं." आणि तिथेच, पाळण्यांच्या आणि वरातीच्या वस्तूंसमोर उभं राहून, त्यांनी सगळं सांगितलं. १५४८च्या सुमारास तुमच्या देशात जन्मलेलं पोरगं. चापू त्याचं नाव. विकलं गेलं, तांबडा समुद्र ओलांडून मोखा बंदरात गेलं, तिथून बगदाद, तिथून दख्खन. तिथे त्याला विकत घेणारा चंगीझखान निजामशाहीचा पेशवा, आणि तोही हबशीच. पुढे हाच मुलगा निजामशाहीचा कर्ता झाला. १६१०मध्ये त्याने खडकी वसवली, जिचं पुढे औरंगाबाद झालं, आता छत्रपती संभाजीनगर. डोंगरातलं पाणी जमिनीखालच्या नहरींतून शहरात आणलं. जमीन मोजून सारा ठरवला. शहाजीराजांचे वडील मालोजी त्याच निजामशाहीच्या चाकरीत होते, आणि १६२४च्या भातवडीच्या लढाईत शहाजीराजे त्याच्या बाजूने लढले. १६२६मध्ये तो वारला.

"मुघलांना त्याने दमवलं ते गनिमी काव्याने," सर म्हणाले. "आमच्याकडे शिवाजी महाराजांचा इतिहास नीट शिकवायचा तर तुमच्या माणसापासून सुरुवात करावी लागते."

मी घड्याळ बघितलं. माझ्या कागदावर या संग्रहालयाला तास दिला होता, तो केव्हाच उलटला होता. गटाबरोबर असते तर मी मध्ये पडले असते. गाइडने कागद हातात घेतला, चित्र बराच वेळ बघितलं आणि मोबाइलवर त्याचा फोटो काढला. शाळेत हे कुणी शिकवलं नाही, एवढंच म्हणाला. पुढच्या रस्त्यात तो बोललाच नाही. गिऱ्हाईक दुखावलं की गाइड गप्प बसतो. गाइड दुखावला की काय करायचं, हे मला कुठल्या प्रशिक्षणात कुणी सांगितलेलं नव्हतं.

बुधवार होता. इथल्या ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती लोकांचा बुधवार-शुक्रवार उपास असतो आणि उपास म्हणजे मांस, दूध, अंडी, लोणी, सगळं बंद. त्यामुळे शाकाहारी माणसाने आदिसला यावं तर या दोन दिवशी. मोठ्या परातीत टेफ धान्याच्या आंबवलेल्या पिठाची इंजेरा अंथरलेली, वर मसूर, कोबी-गाजर, हिरव्या पालेभाज्या आणि मध्ये शिरो. शिरो म्हणजे हरभऱ्याचं पीठ, तिखट, कांदा, लसूण घालून शिजवलेलं. सरांनी पहिला घास घेतला आणि मराठवाडी थाटात जाहीर केलं, "पिठलं!" मला म्हणाले, "अगं, घरी फोन लाव, सांग बाबा उपाशी नाहीत." तिघांची एकच परात. गाइडने इंजेराचा तुकडा करून त्यात मसूर गुंडाळला आणि सरांच्या तोंडात भरवला. इथली ती रीत आहे, मान द्यायची. सर क्षणभर गोंधळले, मग त्यांनीही एक घास करून त्याला भरवला.

तेव्हा तो बोलला. त्याच्या आजोबांच्या घरात एक म्हातारी होती. सगळे तिला आत्या म्हणायचे. ती आत्या नव्हती, कुणाचीच नातलग नव्हती. दक्षिणेकडून, ओमो नदीच्या बाजूने लहानपणी आणलेली. गुलामगिरी कायद्याने बंद झाली १९४२मध्ये, म्हणजे त्याच्या आजोबांच्या भर तारुण्यात. कायदा झाला तरी ती त्याच घरात राहिली, तिथेच मेली. "तिचं गाव कुठलं, हे आम्ही कुणी कधी विचारलं नाही," तो म्हणाला. "ती स्वयंपाकघरात झोपायची. मला वाटायचं, तिला तिथेच आवडतं."

सरांनी त्यावर काही भाष्य केलं नाही याचं मला बरं वाटलं. शिक्षकांना असा मोह आवरत नाही सहसा.

दुपारी एन्टोटोला गेलो. डोंगर मुद्दाम दुपारी ठेवला होता. आदिस मुळात २,३०० मीटरच्या वर आणि एन्टोटो ३,०००च्या. वयस्कर माणसाला सकाळी सकाळी तिथे चढवलं की धाप लागते आणि दिवस जातो. वाटेत पियासाचा जुना भाग लागला. बरीच जुनी घरं पाडून रुंद रस्ते केलेत. मर्काटो, तो प्रचंड बाजार, आम्ही गाडीच्या काचेतूनच बघितला.

एन्टोटोवर सगळीकडे निलगिरी. मेनेलिकच्या काळात ऑस्ट्रेलियातून ही झाडं आणली, कारण जळण संपलं की राजधानी उचलून दुसरीकडे न्यायची अशी तोवरची चाल होती. निलगिरीने आदिसला एका जागी बसवलं. अजूनही बायका पाठीवर दोन माणसांएवढी मोळी घेऊन या उतारावरून शहरात येतात. मरियमच्या अष्टकोनी चर्चजवळ मेनेलिकचा वाडा आहे. वाडा कसला, मातीच्या भिंती, गवताचं छप्पर. १८८९मध्ये त्याला राज्याभिषेक झाला तो याच चर्चमध्ये.

कड्यापाशी उभं राहून गाइडने राजधानीच्या जन्माची गोष्ट सुरू केली. मेनेलिकची राणी तायतू खालच्या गरम पाण्याच्या झऱ्यांवर जायची, तिला ती जागा आवडली, १८८६मध्ये तिथे घर बांधलं आणि शहर वाढलं. इथे तो थांबला. हे त्याचं नेहमीचं थांबण्याचं ठिकाण असणार, पर्यटक इथे फोटो काढतात. मग कुणी न विचारता तो पुढे बोलू लागला. त्या झऱ्यांभोवती ओरोमो लोकांची कुरणं होती. ते त्या जागेला फिनफिने म्हणत, अजून म्हणतात. त्यांना तिथून हलावं लागलं. आणि सर, तुमचा अंबर कुणी हरारचा सांगतात, कुणी आणखी दक्षिणेचा. पण हरार मेनेलिकने जिंकलं १८८७मध्ये, म्हणजे हे शहर वसल्यावर. अंबर विकला गेला तेव्हा हे शहर नव्हतं आणि हरार या राज्यात नव्हतं. तिकडे वेगळे सुलतान, वेगळी लढाई. दोन्हीकडचे लोक एकमेकांची माणसं धरून विकत.

"म्हणजे मी चुकीच्या गावी आलो," सर म्हणाले.

"तुम्हाला हरारला जावं लागेल. आणि तिथेही कबर नाही, घर नाही."

"कबर आहे की आमच्याकडे," सर म्हणाले. त्यांना वाईट वाटलेलं दिसत नव्हतं. उलट एखाद्या पोराने अवघड उत्तर बरोबर दिल्यावर शिक्षक जसा खूश होतो तसे ते खूश होते.

परतताना एका घरगुती जागी कॉफी प्यायलो. बाईने हिरवे दाणे समोर भाजले, धूर नाकाशी आणून दिला, खलबत्त्यात कुटले, मातीच्या जेबेनात उकळले. तीन फेऱ्या होतात: अबोल, तोना, बरका. तिसरी न घेता उठणं बरं दिसत नाही. सोबत मक्याच्या लाह्या. दुसऱ्या कपाशी गाइडने विचारलं, मोखा म्हणजे तेच ना, कॉफीचं बंदर? सर म्हणाले तेच. कॉफीही त्याच वाटेने गेली, माणसंही. मग ते दोघं कागदावर नकाशा काढत बसले आणि मी हॉटेलला फोन करून सामान खाली आणून ठेवायला सांगितलं.

मुंबईत आल्यावर मी ऑफिसला अहवाल दिला. आदिससाठी पूर्ण दिवस हवा, विमान बदलताना मिळणाऱ्या पाच तासांत कोंबू नका. बुधवार किंवा शुक्रवार धरा. एन्टोटो दुपारी. मर्काटोत गट उतरवू नका. हाच गाइड मागा, आणि आधी त्याला मलिक अंबरचा विषय कळवा. ऑफिसातून एकच प्रश्न आला: शिरो कांदा-लसणाशिवाय मिळेल का?

मी गाइडला विचारलं. तो म्हणाला, आदल्या दिवशी सांगितलं तर करून देतील. खाली त्याचाच एक प्रश्न होता: मुंबईहून खुलताबादला कसं जायचं, आणि किती खर्च येईल. मी लिहिलं, संभाजीनगरपर्यंत रेल्वे, पुढे पंचवीसेक किलोमीटर, आणि राहण्याचा खर्च धरू नका, सर घरी उतरवल्याशिवाय ऐकणार नाहीत.